मुलींसाठी चिरफाडीची खोली

परीक्षा मंडळाचे अध्यक्ष तपासणीला आले, तेव्हा मुलींनी टेबलावर कापडी माणूस झोपवून ठेवला होता. तो त्यांनी स्वतः शिवला होता. स्नायूंना लाल फ्लॅनेल, शिरांना निळी लोकर, आतड्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या. पोटाला बटणं होती. ती काढली की एकेक अवयव उचलून बाहेर घेता यायचा. अध्यक्षांनी यकृत उचललं, बोटांनी दाबून पाहिलं आणि बरोबरच्या दोघा सदस्यांना म्हणाले, "शिवण मात्र सुरेख आहे हं."

दोघं हसले. मुली खाली बघत राहिल्या. मोठ्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी अध्यक्षांच्या हातातून यकृत काढून घेतलं.

"आम्हाला खरं प्रेत द्या, म्हणजे शिवणकाम बंद करतो."

"बाई, इस्पितळातली बेवारस प्रेतं पुरुषांच्या कॉलेजला जातात. नियमच आहे तसा."

"मग आमच्या मुलींना त्यांच्या खोलीत येऊ द्या."

"तिथे मुलींना मज्जाव आहे. तोही नियम आहे."

"आणि चिरफाड शिकल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही."

"तो तर सगळ्यात जुना नियम," अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नव्हता. टोपी हातात घेऊन त्यांनी मान खाली घातली. "मी नियम केले नाहीत, बाई. मी ते पाळतो, एवढंच."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी यकृत जागेवर ठेवलं, बटणं लावली आणि म्हणाल्या, "चला, कुठे होतो आपण?"

शहरात मुलींना शाळेच्या पुढे शिकवणारं पहिलं कॉलेज बाईंनीच काढलं होतं. आधी भाषा आणि गणित. तेवढ्यावरही लोकांनी चिखलफेक केली, बोलण्यातली नव्हे, खरीखुरी. त्यातून कॉलेज उभं राहिलं, तर बाईंनी डॉक्टरकीचा वर्ग काढला. दुसरी कुठली जागा मिळेना म्हणून तो मिठाच्या एका जुन्या गोदामात भरायचा. भिंतींना बाराही महिने ओल असायची आणि वह्यांची पानं वाकडी व्हायची.

हा खटाटोप कशासाठी, हे बाई फारसं कोणाला सांगत नसत. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. डॉक्टर आला होता. पण तो पुरुष, म्हणून वडिलांनी त्याला जिन्यातच थांबवलं. आतून ओरडणं ऐकू येत होतं आणि तो पायरीवर बसून सुईणीला बाहेरून सूचना देत होता. त्याची बॅग धरून शेजारी उभी असलेली लहान मुलगी म्हणजे मोठ्या बाई. ओरडणं थांबलं तेव्हा डॉक्टरने बॅग मागून घेतली आणि तो जिना उतरून गेला.

बाईंनी लग्न केलं नाही. त्या भावाकडे राहायच्या. दादा त्यांच्याहून मोठे, घड्याळं दुरुस्त करायचे. बहिणीच्या उद्योगांपायी त्यांच्या दुकानाच्या पाटीला कितीदा काळं फासलं गेलं होतं. दादा सकाळी रॉकेलचा बोळा घेऊन पाटी पुसायचे आणि मग डोळ्याला भिंग लावून कामाला बसायचे. "पाटी तरी स्वच्छ राहते त्या निमित्तानं," एवढंच म्हणायचे. बहिणीला ते अजूनही लहानपणच्या नावाने हाक मारायचे, ठकी.

वर्गात बाईंच्या जोडीला शिकवायला एक म्हातारे प्राध्यापक होते, पुरुषांच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. मुली त्यांना हाडांचे मास्तर म्हणत. मास्तर इतके किडकिडीत, की सांगाडा मिळाला नाही तरी चालेल, मास्तर नुसता कोट काढून उभे राहतील, असं मुली आपसांत म्हणायच्या. आणि मुलींमध्ये सगळ्यात पुढे होती ती बेकरीवाल्याची मुलगी. आवाज बारीक, अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

बाईंचं दुखणं पहिल्यांदा ध्यानात आलं ते चिमणीच्या.

सामानाच्या खोलीत बाई फळीवरची बाटली काढत होत्या. डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी उजव्या हाताने डावं कोपर धरलं आणि वर ढकलायला लागल्या. चिमणी दारातून बघत होती.

"बाई, हात दाखवा."

"लचकलाय. तू जा वर्गात."

"लचकलेला हात असा नाही उचलत कोणी. तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी कोपर सोडलं. मग म्हणाल्या, "दार लाव."

त्यांनी बटणं काढली. चिमणीने वाकून पाहिलं. डाव्या छातीचं कातडं आत ओढलं गेलं होतं, एका बाजूला चिघळलं होतं, आणि त्यावर कापसाची घडी होती. बाई ती रोज स्वतः बदलत असणार. काखेत हात घातला तर बोटांना गाठीच गाठी लागल्या.

"कधीपासून आहे हे?"

"बराच काळ झाला. आधी वाटाण्याएवढी गाठ होती."

"आणि कोणाला दाखवलं नाहीत?"

"कोणाला दाखवू? शहरातले सगळे डॉक्टर पुरुष."

चिमणीचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "बाई, तुम्ही सभेत काय सांगता? लाजेपायी जीव देऊ नका म्हणून ओरडून सांगता ना बायकांना? मी तुमचं ते ऐकून इथे आले."

"सांगते. मनापासून सांगते." बाई बटणं लावायला लागल्या, डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती, तेव्हा चिमणीनेच ती लावली. "लाज बोलण्यातून लवकर जाते गं. अंगातून जात नाही. दोनदा इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन परत आले मी."

तिसऱ्यांदा चिमणी त्यांना घेऊन गेली, हाताला धरून. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले, आणि दुसरीकडे बघत म्हणाले की गाठ लहान होती तेव्हा कापून काढली असती. आता काही करण्यासारखं नाही. येताना घर जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "वर्गात सांगू नकोस. परीक्षेचं आधीच अधांतरी आहे. पोरींचं लक्ष उडेल."

काही दिवसांनी त्यांनी चिमणीला आणि हाडांच्या मास्तरांना घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर भांडी आवरायला उठलेल्या वहिनींना त्यांनी बसायला सांगितलं. वहिनी म्हणजे दादांची बायको, कमी बोलणारी, दिवसभर या ना त्या कामात असणारी.

"मी गेल्यावर," बाई म्हणाल्या, "मला वर्गात न्या. टेबलावर. मुली शिकतील."

कोणालाच आधी काही कळलं नाही. मग मास्तरांना कळलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"ठके, हा काय चावटपणा आहे?" दादा म्हणाले.

"दादा, प्रेत नाही म्हणून माझ्या मुली अडकल्यात. आणि माझ्याकडे एक आहे, लवकरच होईल. ते काय वाया घालवायचं?"

दादा ताडकन उठले. "तुझ्यासाठी मी काय केलं नाही? पाटीला काळं फासलं, पुसलं. लोक तोंडावर थुंकले, तेही पुसलं. तुला दुखतंय हे तू मला सांगितलं नाहीस, बाहेरच्या पोरीकडून कळलं, तेही गिळलं. पण हे नाही. माझ्या बहिणीला उघडं टाकून कापायचं? मी चार माणसांत तोंड कसं दाखवू?"

"थोरल्या बहिणीच्या वेळी पण वडील हेच म्हणाले होते, दादा. चार माणसांत तोंड."

दादांचा चेहरा पडला. ते खोलीबाहेर गेले. वहिनींनी खाली बघत ताटं गोळा केली.

घरी परतताना मास्तरांनी चिमणीला सांगितलं, "कायद्याने हक्क नातेवाइकांचा. बाईंनी काहीही म्हटलं, तरी दादा नाही म्हणाले की संपलं."

बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. वर्ग मात्र सोडला नाही. आधी उभं राहून शिकवायच्या, मग खुर्चीवर बसून, मग खुर्चीत उशा रचून. घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि त्या विचारायच्या, "मागच्या बाकावर ऐकू येतंय ना?" एकदा बोलता बोलता त्या थांबल्या आणि टेबलाची कड धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या. मुलींना वाटलं, त्या शब्द आठवतायत. शेवटी तेही जमेना, तेव्हा चिमणी रोज संध्याकाळी घरी जाऊन त्यांना वर्गात काय झालं ते सांगायची. शेवटच्या आठवड्यात त्या ओळखत होत्या की नव्हत्या, कोण जाणे. पण एकदा डोळे न उघडता म्हणाल्या, "तोंड माझं झाका हं. मी बघतेय असं वाटलं, की तुमचे हात चुकतील."

एका दुपारी त्या गेल्या.

दादांनी कोणाशी चर्चा केली नाही. त्यांनी माती करायची ठरवली, रीतसर, घरच्या रिवाजाप्रमाणे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दुकानदारांच्या मंडळाला निरोप पाठवला. वहिनींनी बाईंना धुतलं, स्वच्छ कपडे घातले. मुली आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

लोक यायची वेळ झाली. कोणी आलं नाही. दादा दारात जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत बघून आले. आजारपणात बाई काय मागतायत ते कुठून तरी बाहेर फुटलं होतं, आणि गावाने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. समोरच्या शिंप्याने दादांना पाहिलं आणि दार लोटून घेतलं. चुलतभावाकडून निरोप आला, पाठीत भरलंय, उठवत नाही. मंडळाच्या सेक्रेटरीला अचानक परगावी जावं लागलं होतं. ज्याच्या आजोबांचं घड्याळ दादांनी आयुष्यभर फुकट दुरुस्त केलं, तो शेजारी खिडकीत दिसला आणि पडदा पडला.

उन्हं उतरायला लागली. खोलीत दादा, हाडांचे मास्तर आणि बायका. खांद्याला चार माणसं लागतात, तीही नव्हती.

दादा बहिणीच्या पायाशी बसले. त्यांनी चादरीची कड हातात धरली होती, आणि ते ती उगाच नीट करत होते.

"चार माणसांसाठी तुला नाही म्हणालो गं," ते म्हणाले. "आणि ही बघ चार माणसं."

मग वहिनी बोलल्या. त्या कोणासमोर नवऱ्याशी असं बोललेल्या चिमणीने कधी ऐकलं नव्हतं. "वन्संनी आयुष्यात तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली. जाऊ द्या त्यांना."

दादांनी चिमणीकडे मान वळवली. "न्या," ते म्हणाले. "मी नाही येणार बघायला. पण न्या."

मुलींनीच खांदा दिला. रस्त्याने कोणी दगड मारला नाही की शिवी दिली नाही. खिडक्या बंद होत्या आणि त्या बंद खिडक्यांमागे माणसं उभी असल्याचं कळत होतं.

गोदामात मास्तरांनी रात्रीतच शिरांमधून प्रेत टिकवायचं औषध भरलं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. बाईंचं तोंड फडक्याने झाकलं होतं. मास्तरांनी सुरी पुढे केली. कोणी घेईना. चिमणीने घेतली.

पहिला छेद कसा दिला ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. आठवायचा तो वास, औषधाचा आणि ओल्या भिंतींचा, आणि एका मुलीच्या खुर्चीचा आवाज. ती मुलगी बेशुद्ध पडली, तिला बाहेर नेलं, पाणी पाजलं, आणि ती परत येऊन उभी राहिली. कापडी माणसाची शीर निळी होती आणि बटण काढलं की हाताला लागायची. इथे काहीच निळं नव्हतं. सगळं एकमेकांना चिकटलेलं, एका रंगाचं. शोधावं लागत होतं, सोडवावं लागत होतं. पहिल्या दिवशी त्या सगळ्या मिळून हाताचे स्नायूसुद्धा ओळखू शकल्या नाहीत. अध्यक्षांचा तो सगळ्यात जुना नियम बरोबर होता, हे चिमणीला कबूल करावं लागलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

काही आठवड्यांनी त्या छातीपर्यंत आल्या. काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा दगड झाला होता आणि हाताच्या नसा त्यात चिणल्या गेल्या होत्या. बरगडी चिमटीत धरली तर वाळलेल्या काडीसारखी मोडली. यकृत उचललं, तर त्यावर पांढरे चट्टे, मोजता येणार नाहीत इतके. मणक्यातही तेच. चिमणी बघत राहिली. हा मणका घेऊन बाई खुर्चीत बसत होत्या. या बरगड्यांनी श्वास घेऊन विचारत होत्या, मागच्या बाकावर ऐकू येतंय ना.

"लिहून घ्या," मास्तर म्हणाले आणि बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता.

बाहेर जे व्हायचं ते होतच होतं. दोन मुलींना त्यांच्या वडिलांनी हाताला धरून घरी नेलं. एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. चिमणीच्या वडिलांच्या बेकरीत गिऱ्हाईक येईना. मढं कापणाऱ्या हाताचा पाव कोण खाणार, असं लोक म्हणत. वडील रागावले नाहीत. फक्त एक दिवस म्हणाले, "तू आता पिठाला हात लावत जाऊ नकोस." लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी उभी राहून पीठ मळत आली होती. ती बरं म्हणाली आणि मागच्या दाराने ये-जा करायला लागली.

सत्र संपताना अध्यक्ष पुन्हा आले. टेबलाच्या पलीकडे उभे राहून त्यांनी प्रश्न विचारले. ही धमनी कुठून निघते, ही नस तुटली तर कोणतं बोट हलणार नाही. मुली उत्तरं देत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "प्रेत तुम्हाला मिळालं कुठून?"

मुलींनी चिमणीकडे पाहिलं.

"तुम्ही ओळखता त्यांना," चिमणी म्हणाली. "गेल्या खेपेला त्यांनी तुमच्या हातातून यकृत काढून घेतलं होतं."

अध्यक्ष फडक्याने झाकलेल्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी टोपी काढली. ती पुन्हा घालायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही. दारापर्यंत जाऊन ते म्हणाले, "मुलींना परीक्षेला बसता येईल." इस्पितळातलं प्रेत मिळेल का, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. तो नियम बदलायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

जे उरलं होतं, ते मुलींनी पांढऱ्या कापडात शिवलं. शिवण त्यांना येतच होती. माती द्यायला दादा आणि वहिनी आले. दादा खूप म्हातारे दिसत होते. दुकान त्यांनी बंद केलं होतं. हात कापतो, बारीक काम होत नाही, म्हणाले. माती झाल्यावर बाकीचे पुढे निघाले, तसे ते चिमणीपाशी थांबले.

"तू आतून बघितलंस तिला. खरं सांग. फार दुखत होतं का?"

चिमणीच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण बाईंच्या बाबतीत खोटं तिच्या तोंडून निघेना.

"हो दादा. फार. बोलल्या त्याच्या आधीपासून कितीतरी."

"एकाच घरात राहत होतो आम्ही," दादा म्हणाले. "भिंतीपलीकडे." ते रडले नाहीत. जमिनीकडे बघत उभे राहिले, आणि मग पुढे चाललेल्या वहिनींकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "हिलाही काहीतरी आहे. बसताना हिचा चेहरा कसनुसा होतो. मी कधी विचारलं नाही. तू बघशील?"

चिमणी परीक्षा पास झाली. तिच्या वर्गातली आणखी एकच मुलगी पास झाली. पण वहिनींकडे ती निकालाची वाट न बघता, माती झाली त्याच आठवड्यात गेली. दादा स्वतःहून बाहेर जाऊन बसले. वहिनी आधी 'काही नाही' म्हणाल्या, मग चहा करते म्हणाल्या, मग भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडव्या झाल्या.

शेवटच्या बाळंतपणापासून त्यांचं अंग बाहेर येत होतं. ते मूल जगलं नव्हतं. तेव्हापासून त्या फडकी बांधून चालत होत्या, पाणी भरत होत्या, आजारी नणंदेला उचलून कूस बदलून देत होत्या. जखम झाली होती, बरी होत होती, पुन्हा होत होती. चिमणीने तपासलं, साफ केलं. आत बसवायची रबरी कडी मिळते, ती आणून देईन म्हणाली. पूर्ण बरं होणार नाही, पण बसता येईल, चालता येईल.

"म्हणजे यावर औषध असतं?" वहिनींनी विचारलं.

"असतं."

वहिनी भिंतीकडेच बघत होत्या. "मला वाटायचं, मी एकटीच अशी आहे."

चिमणीने हात पुसले आणि त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. वहिनी मोठ्याने रडायला लागल्या, तेव्हा बाहेर दादांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"येऊ का आत?" दादांनी विचारलं.

"या," वहिनी म्हणाल्या.